डिझाइन आपलं, फ्लेक्स दुसऱ्याचा: दर सणाला होणाऱ्या चोरीचं निदान आणि उपाय

नागपुरात डिझाइनचं, इलस्ट्रेशनचं किंवा पत्रिकांचं काम करणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. पोळ्याच्या आधी नंदीबैलाचं चित्र काढून इन्स्टाग्रामवर टाकलं, आणि तान्ह्या पोळ्याला तेच चित्र चौकातल्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर झळकलं. सही कापलेली, रंग जरा भडक केलेले, खाली हात जोडलेल्या अनोळखी माणसांचे फोटो. मारबतीच्या (तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीने नेतात त्या पुतळ्याच्या) चित्राचं तेच, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पोस्टरचं तेच, संत्र्याच्या टी-शर्टचंही तेच. आपण फोन करतो, भांडतो, कधी फ्लेक्स उतरतोही. पुढच्या सणाला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

असं पुन्हा पुन्हा होतं, कारण आपण दर वेळी नकल करणाऱ्याच्या मागे लागतो. चित्र आपल्या हातून कसं सुटलं ते तपासत नाही. मी इथे हेच काम करते, आणि माझ्या पाहण्यात गावातल्या बहुतेक नकला इन्स्टाग्रामवरून उचललेल्या नसतात. व्हॉट्सअॅपवर मंजुरीसाठी पाठवलेल्या नमुन्यातून, म्हणजे प्रूफमधून, आणि ग्राहकाला दिलेल्या ओपन (संपादन करता येणाऱ्या) फाइलमधून त्या फुटलेल्या असतात. इन्स्टाग्रामला कितीही कुलुपं लावली तरी त्या थांबत नाहीत, त्या याच कारणाने. म्हणून आधी निदान, मग उपाय.

ज्या उपायांवर वेळ घालवू नये

वेबसाइटवर राइट-क्लिक बंद करणं. स्क्रीनशॉट घ्यायला एक सेकंद लागतो, त्यामुळे हा उपाय फक्त आपल्या समाधानापुरता आहे.

बायोमध्ये ‘कॉपी करू नये’ लिहिणं. लिहायला हरकत नाही, पण कायद्याने तुमचा हक्क त्या ओळीवर अवलंबून नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे मूळ चित्र तयार होताक्षणी त्यावर कॉपीराइट असतो आणि तो चित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो.

चित्राची प्रिंट पाकिटात घालून रजिस्टर्ड पोस्टाने स्वतःलाच पाठवणं. हा सल्ला अजूनही फिरतो. अशा पाकिटाला कायद्यात वेगळं काही वजन नाही. तारखेचा याहून चांगला पुरावा आपल्या कॉम्प्युटरमध्येच असतो, तो पुढे येतोच.

आणि सगळ्यात पसरलेला गैरसमज म्हणजे ‘७२ डीपीआयवर सेव्ह केलं की छापता येत नाही’. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके छापायचे तो आकडा. फाइलवर ७२ लिहिलंय की ३००, याने काहीच बिघडत नाही. मोजायचे असतात ते पिक्सेल. इन्स्टाग्रामवर चित्र साधारण १०८० पिक्सेल रुंदीचं राहतं. साडेतीन इंचांचं व्हिजिटिंग कार्ड ३०० डीपीआयवर छापायला १०५० पिक्सेल पुरतात, म्हणजे कार्डाला ते चित्र व्यवस्थित पुरून उरतं. तेच तीन फूट रुंद स्टँडीवर ताणलं तर इंचाला तीसच पिक्सेल मिळतात. जवळून ते फुटकं दिसतं, पण गाडीवरून जाणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. फ्लेक्स लांबून बघायचा असतो आणि फ्लेक्सवाल्याचा सगळा हिशेब त्यावरच चालतो. त्यात आता चित्र मोठं करून देणारी एआयची साधनं फुकट मिळतात. लहान आकार ठेवणं उपयोगी आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

चित्र कुठल्या दाराने गेलं?

नकल सापडली की पहिल्यांदा ती वाचायला शिका. भांडण नंतर. फ्लेक्स असेल तर जवळ जाऊन मोबाइलने कडांचे फोटो घ्या. टी-शर्ट किंवा कॉफीचा मग असेल तर विक्रेत्याच्या पानावरचा मोठ्यात मोठा फोटो उतरवून घ्या. आता आपली मूळ फाइल शेजारी उघडून दोन्ही नीट बघा.

अक्षरांच्या आणि गडद रेषांच्या भोवती बारीक चौकोनी डाग, मळकट ठिपके दिसतात का? जेपेग फाइल चित्राला आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत तोडून दाबते. दाबलेलं चित्र मोठं केलं की ते चौकोन वर येतात. असे डाग असतील तर चित्र इन्स्टाग्रामवरून, व्हॉट्सअॅपच्या फोटोतून किंवा स्क्रीनशॉटमधून उचललेलं आहे. चौकट चार-पाचच्या प्रमाणात किंवा नेमकी चौरस कापलेली असेल आणि तुम्ही पोस्टसाठी तसंच कापलं असेल, तर इन्स्टाग्रामवरचा संशय पक्का.

कडा दहा फुटांवरही धारदार असतील तर दोन शक्यता राहतात. एक, कोणीतरी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये (आपण ‘कोरल’ म्हणतो) ट्रेस मारलाय, म्हणजे चित्रावरून रेषा पुन्हा उमटवून घेतल्यात. ट्रेस ओळखायला सोपा असतो: बारीक रेषा एकमेकींत मिसळतात, टोकदार कोपरे गोलावतात, रंगांचे पट्टे पडतात, डोळ्यातला पांढरा ठिपका गायब होतो किंवा त्रिकोणी होतो. दोन, ट्रेसच्या यातल्या कोणत्याही खुणा नाहीत आणि सगळं जसंच्या तसं आहे. मग तुमची व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांची, कितीही मोठी करता येणारी) पीडीएफ किंवा कोरलची सीडीआर फाइलच त्यांच्या हातात आहे. ती इन्स्टाग्रामवरून जाऊच शकत नाही. ती तुम्ही कोणाला तरी दिलेली आहे, आणि कोणाला दिली ते तुमच्या पाठवलेल्या मेलमध्ये सापडेल.

तिसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, ती म्हणजे कोणती आवृत्ती छापली गेली. ग्राहकाला पहिलं प्रूफ गेलं तेव्हा बैलाच्या झुलीवर हिरवी नक्षी होती. करेक्शननंतर ती निळी झाली आणि इन्स्टाग्रामवर निळीच गेली. चौकातल्या फ्लेक्सवर हिरवी असेल तर वाद संपला. चित्र त्या ग्राहकाच्या व्हॉट्सअॅपवरून, नाहीतर त्याने ज्याला पुढे ढकललं त्याच्याकडून गेलंय. म्हणून प्रत्येक प्रूफमध्ये मुद्दाम एक बारीक फरक ठेवत जा. एका प्रूफमध्ये गळ्यातल्या घुंगरांची संख्या वेगळी, दुसऱ्यात शिंगावरच्या गोंड्याची दिशा वेगळी. फायलीच्या नावात तारीख आणि ग्राहकाचं नाव घाला आणि कुठल्या प्रूफमध्ये काय बदललं याची एका वहीत नोंद ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचा सगळा तपास त्यावर उभा राहतो.

नकला किती आणि कुठे आहेत हे शोधायला गूगल लेन्स आणि टिनआय ही चित्रावरून शोध घेणारी दोन्ही साधनं वापरा. लेन्स मिळतंजुळतं खूप दाखवतं, त्यात शॉपिंग साइटवरचे टी-शर्ट लवकर हाती लागतात. टिनआय तंतोतंत तेच चित्र शोधतं, आणि कापलेलं किंवा रंग बदललेलं चित्रही बऱ्याचदा पकडतं. पूर्ण चित्र टाकून काही मिळालं नाही तर फक्त चेहरा किंवा एखादी नक्षी कापून शोधा.

व्हॉट्सअॅपचं दार

प्रूफ पाठवताना आपण काय करतो? ग्राहक म्हणतो, ‘भाऊ, नीट दिसत नाही’, आणि आपण पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल जशीच्या तशी पोचते, व्हेक्टरसकट. कोरल असलेला कोणीही ती उघडून नाव बदलू शकतो. अक्षरं कर्व्ह केली (अक्षरांचे नुसते आकार केले) म्हणजे फॉन्टची अडचण मिटते, चित्र मात्र तितकंच उघडं राहतं. पीडीएफला पासवर्ड लावला तरी तो काढून देणाऱ्या साइट भरपूर आहेत.

प्रूफ नेहमी चपट्या जेपेगमध्ये पाठवा, लांब बाजू आठशे-नऊशे पिक्सेल. ग्राहकाला बारकावे बघायचे असतील तर पूर्ण चित्र लहान आणि एका भागाचा मोठा तुकडा, असे दोन फोटो द्या. मजकूर तपासायला मजकूर वेगळा पाठवा. स्पेलिंग आणि तारखा तपासायला नंदीबैल लागत नाही.

वॉटरमार्क लावायचा तर कोपऱ्यात लावू नका. कोपरा कापायला कात्रीसुद्धा लागत नाही. मोकळ्या आकाशावर किंवा सपाट रंगावरही नको, कारण तिथून तो पुसणं मोबाइलच्या साध्या अॅपला जमतं. जिथे रेघा दाट आहेत, रंग बदलतात, नक्षी आहे, तिथून तो आडवा गेला पाहिजे. पिवळ्या मारबतीचं चित्र असेल तर चेहऱ्यावरून आणि दागिन्यांवरून. आणि प्रत्येक चित्रावर एकाच जागी, एकाच आकारात तोच वॉटरमार्क नको. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की एकाच साच्याचा वॉटरमार्क अनेक चित्रांवर असेल तर संगणक त्या सगळ्यांची तुलना करून तो आपोआप काढू शकतो. दर वेळी थोडा वाकवला, थोडा सरकवला, तर हे काम अवघड होतं.

इन्स्टाग्रामवर मात्र मी भला मोठा वॉटरमार्क लावत नाही. चित्र लोकांनी बघावं म्हणूनच आपण ते टाकतो, आणि त्याचं वाटोळं करून दाखवण्यात अर्थ नाही. तिथे सही चित्राच्या आत विणलेली बरी. लुगड्याच्या निऱ्यांमध्ये, झुलीच्या किनारीत, रथाच्या चाकाच्या आऱ्यांत नाव असं बसवायचं की ते काढायला चित्रच पुन्हा काढावं लागेल. सरळ समोरून काढलेल्या पूर्ण चित्राऐवजी टेबलावर तिरक्या ठेवलेल्या प्रिंटचा फोटो किंवा बारकाव्यांचे तुकडे टाकले तर उचलणाऱ्याचं काम निम्म्याने अवघड होतं, आणि पोस्टही जास्त जिवंत वाटते.

फोटोशॉपमधल्या फाइल इन्फोमध्ये नाव, हक्काची ओळ आणि संपर्क भरून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ही माहिती गळून पडते हे खरं आहे, पण मेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलमध्ये ती राहते. शिवाय हक्कधारकाचं नाव सांगणारी अशी माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५बी खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. चित्रकाराचं नाव सांगणारी सही या माहितीत बसते. त्यामुळे सही कापलेली नकल सापडली तर तक्रारीत तो मुद्दा वेगळा लिहा.

‘ओपन फाइल दे ना भाऊ’

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ग्राहकाचा समज असा की पैसे दिले म्हणजे चित्र, फाइल आणि ते जन्मभर कुठेही छापायची मोकळीक, सगळं त्याचं झालं. दुर्दैवाने काही कामांत कायदाही त्याच्या बाजूला झुकतो, आणि हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं की कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला, पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र केलं, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक ते करवून घेणारा असतो. तुमचं डिजिटल इलस्ट्रेशन ‘पेंटिंग’मध्ये मोडतं की नाही यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. तो वाद निघूच नये म्हणून ‘वेगळा करार’ आधीच करून ठेवायचा.

त्याला वकिलाची आणि स्टॅम्पपेपरची गरज नाही. कोटेशनच्या खाली अशा तीन ओळी घाला: ‘मूळ चित्राचे व डिझाइनचे सर्व हक्क चित्रकाराकडे राहतील. ग्राहकास हे डिझाइन वरील कार्यक्रमासाठी, वर नमूद केलेल्या माध्यमांत व मुदतीत वापरण्याची परवानगी आहे. संपादन करता येईल अशी फाइल यात समाविष्ट नाही.’ कार्यक्रम, माध्यम, मुदत ठळक लिहा. ग्राहकाची सही घ्या. सही मिळण्यासारखी नसेल तर निदान कोटेशनच्या फोटोखाली व्हॉट्सअॅपवर ‘मान्य आहे’ असं उत्तर घ्या आणि मगच ॲडव्हान्स स्वीकारा.

ग्राहकाला सगळे हक्क हवेच असतील तर तेही देता येतात, पण त्याची किंमत वेगळी. कलम १९ प्रमाणे कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सही केलेला हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘तोंडी ठरलं होतं’ याला इथे जागा नाही. आणि हक्क विकले तरी चित्र तुम्ही काढलंय हे सांगण्याचा अधिकार कलम ५७ खाली तुमच्याकडेच राहतो. चित्राची मोडतोड करून तुमची बदनामी होत असेल तर त्यालाही तुम्ही हरकत घेऊ शकता.

स्टुडिओत पगारावर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. नोकरीत केलेल्या कामाचा मालक, करार वेगळा नसेल तर, नोकरी देणारा असतो. ते काम स्वतःच्या पानावर टाकण्याआधी परवानगी मागा. नकलेची तक्रारही त्यांच्याच नावाने जाईल.

टी-शर्ट, साडी, मग: इथे वेगळाच खड्डा आहे

गांधीबागेतल्या कापड बाजारासाठी किंवा स्वतःच्या टी-शर्टच्या ब्रँडसाठी डिझाइन करत असाल तर हा भाग नीट वाचा. वस्तूवर लावण्याच्या डिझाइनसाठी डिझाइन कायदा २००० आहे. जे डिझाइन त्या कायद्याखाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते लावलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा तयार झाली की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्येच हे लिहिलेलं आहे. भिंतीवर लावायचं स्वतंत्र चित्र आणि वस्तूवरचं डिझाइन यांच्यातली रेषा न्यायालयांत अनेकदा वादाची ठरली आहे, म्हणून मोठ्या संख्येने छपाईला जाण्याआधी या विषयातल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

खरी अडचण क्रमाची आहे. डिझाइनची नोंदणी मिळायला ते नवीन हवं, म्हणजे अर्जाच्या तारखेआधी कुठेही प्रसिद्ध झालेलं नको. तुम्ही आधी रील टाकली, लोकांनी कौतुक केलं, मग अर्ज केला, तर तुमच्याच रीलने तुमचा अर्ज पाडला. ज्या डिझाइनवर हंगामाचा धंदा उभा आहे ते आधी नोंदवा, मग दाखवा. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे आणखी पाच वर्षांसाठी वाढवता येते.

साध्या चित्राच्या कॉपीराइट नोंदणीचं तसं नाही. ती सक्तीची नाही, केव्हाही करता येते, अर्ज ऑनलाइन भरतात आणि कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. चित्र मालावर वापरायचं असेल, लेबल किंवा पॅकिंगसारखं, तर २००० रुपये आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा दाखला लागतो. अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबतात. मिळालेली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. सगळी चित्रं नोंदवत बसू नका. दर वर्षी चोरीला जाणारी जी दोन-तीन असतात, त्यांच्यावर हे पैसे घाला. नागपूरकरांना एक सोय घराजवळ आहे: सिव्हिल लाइन्समध्ये बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. कॉपीराइटचा अर्ज दिल्लीच्या कार्यालयाकडे जातो, पण हा विषय मुळातून समजून घ्यायचा असेल तर या संस्थेच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

नकल सापडली. आता काय, आणि कोणत्या क्रमाने?

सगळ्यात आधी गप्प राहा. कमेंटमध्ये शिव्या नकोत, स्टोरी टाकून गवगवा नको. तुमचा मेसेज पोचताच पोस्ट डिलीट होते आणि पुरावा जातो.

ऑनलाइन असेल तर पानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलपासून त्या पोस्टपर्यंत जातानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. उघडं पान असेल तर वेबॅक मशीन या वेबपानं जतन करणाऱ्या साइटवर साठवून ठेवा. टी-शर्ट विकत असतील तर एक मागवा. बिल आणि पार्सलवरचं नाव-पत्ता हाच उत्तम पुरावा. फ्लेक्स असेल तर आजूबाजूची दुकानं दिसतील असा लांबचा फोटो आणि खालच्या कोपऱ्याचा जवळचा फोटो घ्या, तिथे छापणाऱ्याचं नाव असतं. मूळ फोन आणि मूळ फायली जपा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे तपासायचा तिचा खास आकडा) नोंदवतात. व्हॉट्सअॅपवर इकडून तिकडे फिरलेला स्क्रीनशॉट तिथे कमकुवत पडतो.

तुमच्या बाजूचा पुरावा म्हणजे पेन्सिलचं रेखाटन, लेयर असलेली फाइल, प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अॅपचं टाइमलॅप्स (चित्र काढतानाचा व्हिडिओ), ग्राहकाला गेलेला मेल. नकल करणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. शेवटचं जेपेग मात्र त्याच्याकडेही असतं.

मग स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, की खरंच माझं चित्र उचललंय की फक्त विषय? काळी आणि पिवळी मारबत साऱ्या नागपूरची आहे. झिरो माइलचा स्तंभ, दीक्षाभूमीचा स्तूप, संत्रं कोणीही काढू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. तुमच्या मारबतीच्या डोळ्यांचा आकार, हातांची ठेवण, दागिन्यांची रचना तशीच आली असेल तर ती नकल. तुमचं बघून कोणाला मारबत काढावीशी वाटली असेल तर त्याचं स्वागत करा. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्धही कॉपीराइट कायद्यात तरतूद आहे, कलम ६०.

स्थानिक नकल असेल तर माझा अनुभव असा, की थेट दुकानात जाऊन, फाइल लॅपटॉपवर दाखवून बोललेलं लवकर मार्गी लागतं. उत्तर ठरलेलं असतं: ‘ताई, आमच्याकडे पार्टीनं आणून दिलं, आम्हाला काय माहीत कोणाचं हाय.’ बऱ्याचदा ते खरंच असतं. छापणाऱ्याशी वैर धरू नका. पार्टीने, म्हणजे छापून घेणाऱ्याने, पाठवलेला मूळ मेसेज दाखवायला सांगा, त्यातूनच तुमचं दार सापडतं. मग पार्टीला वापराचं रीतसर बिल पाठवा. चित्र आवडलं म्हणूनच त्यांनी उचललंय, आणि त्यातले काही जण पुढे पैसे देणारे ग्राहक होतात.

ऑनलाइन नकलेसाठी त्या त्या मंचाचा (इन्स्टाग्राम, शॉपिंग साइट) कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा, साधा ‘रिपोर्ट’ नाही. मूळ पोस्टची लिंक, नकलेची लिंक आणि कोणता भाग सारखा आहे ते नेमकं लिहा. विक्रेता परदेशी साइटवर असला तरी बिचकू नका. भारत १९२८ पासून बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे, त्यामुळे तुमचा हक्क त्या देशांतही मानला जातो. फॉर्मने काम झालं नाही तर कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार पाठवता येते. त्यावर मंचाने ३६ तासांच्या आत मजकूर रोखणं अपेक्षित आहे. मात्र तुम्हाला २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून द्यावा लागतो, नाहीतर मजकूर पुन्हा खुला होऊ शकतो. म्हणून ही तक्रार दावा करायची तयारी असेल तेव्हाच करा. दाव्यासाठी नकल छापणाऱ्याच्या गावी, सुरतेला किंवा तिरुपूरला, जावं लागेल ही भीतीही नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळालं तर एक गोष्ट माहीत असू द्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलाय. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख. शुभेच्छांच्या एका फ्लेक्ससाठी मी हा रस्ता कोणाला सुचवणार नाही. तुमचंच डिझाइन हजारोंनी छापून कोणी विकत असेल तर जरूर सुचवेन.

एआयने केलेली नकल

ही तक्रार आता वाढते आहे: ‘चित्र माझं नाही, पण माझ्यासारखंच आहे.’ कोणीतरी तुमची चित्रं एआयला दाखवून त्याच धाटणीचं चित्र करून घेतलं. धाटणीवर कॉपीराइट नाही, त्यामुळे तक्रार करायची तर तुमच्या विशिष्ट चित्राचा मोठा भाग त्यात ओळखू येतोय हे दाखवावं लागेल. शिकागो विद्यापीठाने काढलेलं ग्लेझ हे साधन फुकट आहे. ते चित्रात असे सूक्ष्म बदल करतं की एआयला त्याची शैली नीट शिकता येत नाही. सपाट रंगाच्या चित्रांवर त्याची जाळी थोडी दिसते, म्हणून आधी एका चित्रावर करून बघा. आणि एक लक्षात ठेवा: ग्लेझ लावलेलं चित्र फ्लेक्सवर तितकंच छान छापता येतं. ते दार वेगळं आहे, त्याला वरचेच उपाय लागतील.

नकल जुन्या ग्राहकानेच केली असेल तर

सगळ्यात अवघड प्रकार हाच, आणि सगळ्यात जास्त वेळा हाच घडतो. गेल्या वर्षीची पत्रिका किंवा बॅनर, फक्त तारीख बदलून, दुसऱ्या दुकानातून छापलेला. भांडलो तर ग्राहक जातो, गप्प बसलो तर दर वर्षी तेच. अशा वेळी मी फोन करत नाही. गेल्या वर्षीचं कोटेशन, त्यातल्या मुदतीच्या ओळीला खूण करून, पुन्हा पाठवते. सोबत या वर्षीच्या वापराचं बिल, नव्या कामाच्या दरापेक्षा बरंच कमी, आणि एक वाक्य: ‘दादा, या वर्षीही आपलंच डिझाइन वापरलंत, आनंद झाला, नूतनीकरणाचं बिल जोडलं आहे.’ ज्यांच्या कोटेशनवर ती ओळ आधीपासून आहे त्यांना हे करता येतं. ज्यांच्यावर नाही, त्यांनी येत्या पोळ्याच्या कामापासून ती घालायला सुरुवात करावी, आणि जुन्या नेहमीच्या ग्राहकांना पुढचं कोटेशन पाठवताना ती वाचून दाखवावी.